पुस्तकाचे अक्षर आणि वाचकाची सवय

छापील पुस्तक हाती आले की आपण ग्रंथकर्त्याचे नाव पाहतो, प्रकाशकाचे पाहतो, किंमत तर सर्वांआधी पाहतो. परंतु ते पुस्तक ज्या अक्षरात छापले आहे त्या अक्षराचे नाव विचारणारा वाचक लाखात एखादाच. यात वाचकाचा दोष मुळीच नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई कोणी केली याची चौकशी जेवणाऱ्याने करावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कल्हई उडून आमटी कळकली म्हणजे मात्र ती चौकशी आपोआप सुरू होते. पुस्तकाच्या अक्षराचेही तसेच आहे. ते बरे असेल तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही. ते बिघडले म्हणजे वाचक डोळे चोळू लागतो, पुस्तक मिटतो, आणि पुष्कळदा ग्रंथकर्त्यालाच बोल लावतो.

तीनशे पृष्ठांच्या पुस्तकात वाचकाचे डोळे सहज पाच लाख अक्षरांवरून जातात. या पाच लाख अक्षरांचे वळण कोणते असावे हे ठरविणारा माणूस पूर्वी मुद्रक असे, पुढे प्रकाशक झाला, आणि आज संगणकापुढे बसलेला कोणीही असू शकतो. तो कोणीही असो, निर्णय घेतो तो वाचकाच्या वतीने, आणि वाचकाला न विचारता. हा निर्णय त्याने कशाच्या आधारावर घ्यावा, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे आहे. त्याचे उत्तर आम्ही युरोपातील रोमन अक्षरांच्या इतिहासात शोधणार आहोत. कारण तेथे हा वाद साडेपाचशे वर्षे चालला आहे, आणि त्यातील एक खटला असा आहे की त्यात फिर्यादी, आरोपी व साक्षीदार तिघेही आपल्यापुढे स्पष्ट उभे राहतात.

प्रथम या अक्षराचे कूळ पाहू. इंग्रजी पुस्तकातील मजकुराचे अक्षर नीट न्याहाळले तर त्याच्या काठ्यांच्या टोकांना लहानशा आडव्या रेघा दिसतात; जणू अक्षराने पायात चपला घातल्या आहेत. या रेघेला सेरिफ म्हणतात. मोठ्या अक्षरांच्या सेरिफांचे मूळ रोमन शिलालेखांत आहे, इ. स. 113 मध्ये रोम येथे उभारलेल्या ट्रेजन बादशहाच्या स्तंभावरील लेख हा त्याचा आजही आदर्श मानला जातो. लहान अक्षरांचे वळण मात्र लेखणीचे आहे, इटलीतील विद्वान लेखकांच्या हस्ताक्षराचे. गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास माइन्झ येथे बायबल छापले ते या अक्षरात नव्हे. ते जर्मन हस्तलिखितांच्या काळ्या, टोकदार, दाट अक्षरात होते. शिलालेखाचे मोठे अक्षर आणि हस्तलिखिताचे लहान अक्षर यांचा सुरेख मेळ घातला तो व्हेनिसमध्ये स्थायिक झालेल्या निकोलस जेन्सन या फ्रेंच माणसाने, 1470 साली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्याच शहरात आल्दुस मानुत्सिओ या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो याने आणखी हलके व समतोल अक्षर कोरले. हे वळण आल्प्स ओलांडून पॅरिसला गेले आणि तेथे क्लोद गारामाँ याच्या हाती त्याला अशी सफाई आली की 1561 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या पोलादी ठशांना व तांब्याच्या मातृकांना युरोपभर मागणी होती.

कोरणे हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा. पोलादाच्या कांबीच्या टोकावर एकेक अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्यात ठोकून मातृका करावयाची, आणि त्या मातृकेत शिसे ओतून खिळे पाडावयाचे. एका आकाराचा संपूर्ण संच कोरावयास कुशल कारागिराला महिनेच्या महिने लागत. म्हणून एकदा घडलेले अक्षर पिढ्यान्‌पिढ्या चाले, आणि वाचकाचा डोळा त्याच्यावर घडत जाई. वाचकाची सवय हा या इतिहासातील खरा नायक आहे; आणि खलनायकही तोच.

आता खटला. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज मुद्रक बरेचसे खिळे हॉलंडहून आणीत. लंडनमध्ये विल्यम कॅस्लन नावाचा एक कारागीर बंदुकांवर नक्षी कोरण्याचे काम करीत असे. तो अक्षरांकडे वळला, आणि 1734 मध्ये त्याने आपल्या अक्षरांचा नमुनातक्ता प्रसिद्ध केला. त्याच्या अक्षरात चमक नव्हती. एकेक अक्षर वेगळे काढून पाहिले तर त्यात थोडा ओबडधोबडपणाही सापडतो; पण पानभर मजकूर जुळविला की ते घरच्या माणसासारखे वाटते. पंचवीस वर्षांत इंग्रजी वाचकाचा डोळा कॅस्लनमय होऊन गेला. अटलांटिकपलीकडील वसाहतींतही तेच अक्षर गेले. 1776 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा फिलाडेल्फिया येथे प्रथम छापला गेला तोही कॅस्लनच्याच खिळ्यांनी.

याच काळात बर्मिंगहॅममध्ये जॉन बास्करव्हिल नावाचा गृहस्थ राहत होता. जन्म 1706 चा. तरुणपणी तो सुलेखन शिकवी व थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरून देई. पुढे त्याने लाखेचे चकचकीत रोगण दिलेल्या तबकांचा व डब्यांचा धंदा काढला आणि त्यात चांगला पैसा मिळविला. एखाद्याने त्या पैशावर वाडा बांधून स्वस्थ बसणे पसंत केले असते. बास्करव्हिलने वाडा बांधलाही. पण स्वस्थ बसला नाही. 1750 च्या सुमारास त्याने अक्षरांचा ध्यास घेतला. ठसे कोरण्याचे काम जॉन हँडी या कारागिराकडे होते. वळण बास्करव्हिलचे, मनात मुरलेल्या सुलेखनाचे. जाड रेघ व बारीक रेघ यांतील अंतर त्याने वाढविले, गोलाई भरदार केली, सेरिफ धारदार केले.

परंतु त्याची खरी दृष्टी पुढेच दिसते. नाजूक अक्षर तत्कालीन खरबरीत कागदावर व पातळ शाईत नीट उठणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने शाई अधिक काळीभोर केली, छापण्याचे यंत्र सुधारले, जाळीच्या रेघा न उमटणारा गुळगुळीत कागद वापरला, आणि छापलेले ताव तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून त्यांना तकाकी आणली. इतक्या वर्षांच्या खटाटोपानंतर 1757 मध्ये त्याचा पहिला ग्रंथ, व्हर्जिलचे काव्य, बाहेर पडला. 1763 मध्ये त्याने केंब्रिज विद्यापीठासाठी बायबल छापले. आज ही दोन्ही पुस्तके मुद्रणकलेचे अलंकार समजली जातात.

त्या वेळी मात्र लोक काय म्हणाले? काहींनी वाखाणणी केली. पण धंद्यातील पुष्कळांनी नाके मुरडली. याच्या बारीक रेघा डोळ्यांना बोचतात, याची पुस्तके वाचून इंग्लंडातील वाचक आंधळे होतील, अशी हाकाटी झाली. त्या वेळी बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये होता. विजेच्या प्रयोगांमुळे तो प्रसिद्ध झाला होता, तरी मूळचा मुद्रक. खिळ्यांची पारख त्याला हाडीमाशी. 1760 मध्ये त्याने बास्करव्हिलला पत्र लिहून एक मौजेची हकीकत कळविली. एका गृहस्थाने त्याच्यापाशी हीच तक्रार केली होती. तेव्हा फ्रँकलिनने आत जाऊन कॅस्लनचा नमुनातक्ता काढला, वरचा नावाचा भाग फाडून टाकला, आणि हाच बास्करव्हिलचा तक्ता म्हणून त्या गृहस्थापुढे ठेवला. दोष कोठे आहे ते मला दिसत नाही, जरा दाखवून द्या, अशी नम्र विनंतीही केली. गृहस्थांनी तात्काळ दोष दाखविण्यास प्रारंभ केला. अक्षरांचे प्रमाण कसे चुकले आहे, डोळे कसे दुखतात, याचे त्यांनी सविस्तर निरूपण केले. ज्या अक्षरांत हे गृहस्थ जन्मभर सुखाने वाचीत आले, ज्या अक्षरांत त्यांनी स्वतःचे पुस्तकही छापून घेतले होते, तीच अक्षरे आता त्यांच्या डोळ्यांत खुपत होती! फ्रँकलिन थोर मनाचा. त्याने गृहस्थांना खरे सांगून ओशाळे केले नाही.

ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते व लोक हसून ती सोडून देतात. आमच्या मते तिच्यातून दोन धडे निघतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पहिला धडा उघड आहे. त्या गृहस्थांचे डोळे अक्षर पाहत नव्हते, नाव पाहत होते. दुसरा धडा असा की, कॅस्लनची सवय ही काही खोटी गोष्ट नव्हती. विसाव्या शतकात अमेरिकेत माइल्स टिंकर या मानसशास्त्रज्ञाने वाचनाच्या वेगावर वर्षानुवर्षे प्रयोग केले व 1963 मध्ये त्यांचे सार ग्रंथरूपाने मांडले. नित्य वापरातील अक्षरांमध्ये वाचनवेगाचा फरक फारच थोडा पडतो. अमेरिकन वाचक अडखळतो तो जुन्या काळ्या टोकदार अक्षरांपाशी, असे त्याला आढळले. सेरिफमुळे वाचन सुलभ होते, असे परंपरा सांगत आली आहे. परंतु प्रयोगांत तोही फरक ठळकपणे सिद्ध झालेला नाही. मग पुस्तकात सेरिफच का? कारण पाच शतके पुस्तके त्यातच छापली गेली आणि डोळा त्यात मुरला.

याच काळ्या टोकदार अक्षरांच्या एका प्रकारात, ज्याला फ्राक्टुर म्हणतात, कोट्यवधी जर्मन लोक शतकानुशतके बिनतक्रार वाचीत होते. ती अक्षरे त्यांना अवघड नव्हती. 3 जानेवारी 1941 रोजी नाझी राजवटीने एका परिपत्रकाने ती मोडीत काढली, आणि ती ज्यूंची अक्षरे आहेत असे धादांत खोटे कारण दिले. पुढच्या पिढ्यांना आजोबांच्या कपाटातील पुस्तके वाचताना अडखळावयास लागले. महाराष्ट्रात हे दुःख निराळे सांगावयास नको. मोडी शाळांतून गेली आणि घरोघरचे दप्तर, खतपत्रे, पणजोबांची पत्रे आपल्याच वारसांना मुकी झाली. अक्षराची सवय ही अशी ठेव आहे. ती हळूहळू वाढविता येते, पण एका फटक्यात बदलली तर मागचे सारे बुडते.

बास्करव्हिलचे पुढे काय झाले ते पाहू म्हणजे दोन्ही धड्यांची सांगड कळेल. त्याच्या हयातीत त्याच्या अक्षरांना इंग्लंडात म्हणावे तसे गिऱ्हाईक मिळाले नाही. 1775 मध्ये तो वारला. त्याच्या विधवेने, सारा हिने, 1779 मध्ये अक्षरांचे साहित्य फ्रेंच नाटककार बोमार्शे याला विकले. बोमार्शेला व्होल्तेअरचे समग्र वाङ्मय छापावयाचे होते. फ्रान्समध्ये त्यावर बंदी, म्हणून त्याने ऱ्हाइन नदीपलीकडे केल येथे छापखाना घातला व सत्तर खंड काढले. इंग्लंडने नाकारलेले अक्षर अशा रीतीने फ्रान्सच्या सर्वांत धारदार लेखकाच्या कामी आले. पुढे ते ठसे फ्रान्समधील एका फाउंड्रीतून दुसऱ्या फाउंड्रीत फिरत राहिले आणि त्यांच्या कर्त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रूस रॉजर्स या अमेरिकन ग्रंथरचनाकाराच्या जाणत्या नजरेने ते अक्षर ओळखले. 1923 मध्ये इंग्लंडातील मोनोटाइप कंपनीने त्याचा यांत्रिक अवतार काढला. 1953 मध्ये शार्ल पेन्यो या फ्रेंच फाउंड्रीमालकाने मूळ ठसे केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाला भेट दिले, व पावणेदोनशे वर्षांचा वनवास संपून ते मायदेशी आले. ज्या अक्षराने इंग्रज आंधळे होणार होते, त्याच अक्षरात विसाव्या शतकात अगणित इंग्रजी पुस्तके छापली गेली आणि कोणाच्याही डोळ्यांना काही झाले नाही. अक्षर तेच; सवय बदलली. ती कोणत्या हुकुमाने बदलली नाही, वाचता वाचता बदलली.

नावाच्या मोहाचे दुसरे उदाहरण याहून गमतीचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जुनी अक्षरे पुन्हा घडविण्याची लाट आली. पॅरिसच्या राष्ट्रीय मुद्रणालयात गारामाँची म्हणून जपलेली काही अक्षरे होती. त्यांवरून अनेक कंपन्यांनी ‘गारामाँ’ काढले. 1926 मध्ये ‘द फ्लेरन’ या मुद्रणविषयक नियतकालिकात पॉल बोजाँ या सहीने एक लेख आला, आणि त्याने पुराव्यानिशी दाखवून दिले की ही अक्षरे गारामाँची नव्हेतच! ती सेदाँ येथील मुद्रक जाँ जानों याची आहेत. त्याचा नमुनातक्ता 1621 चा, आणि त्याचा जन्म गारामाँच्या मृत्यूनंतरचा. मोनोटाइप कंपनीने या विद्वान लेखकाला नोकरी देऊ केली, तेव्हा पॉल बोजाँ म्हणजे बिआट्रिस वॉर्ड ही अमेरिकन तरुणी निघाली. पुरुषाच्या नावाचा लेख विद्वान मंडळी अधिक आदराने वाचतील हे तिने हेरले होते. म्हणजे येथेही नावाचाच खेळ! आजही पुष्कळ संगणकांत ‘गॅरामंड’ म्हणून जे अक्षर मिळते ते जानोंच्याच वळणाचे आहे. ते वाईट आहे असे नव्हे, सुंदर आहे. परंतु अस्सल सोळाव्या शतकाचे अक्षर निवडल्याचे समाधान मानणाऱ्याने हे ध्यानात घेतलेले बरे.

बास्करव्हिलने कागद, शाई व यंत्र यांचा एकत्र विचार केला होता, असे वर सांगितले. पुढच्यांना हे विसरल्याचा दंड भरावा लागला. 1929 मध्ये मोनोटाइपने ग्रिफोच्या अक्षरावरून बेंबो नावाचे अक्षर काढले. शिशाच्या खिळ्यांनी छापताना शाई किंचित पसरते व अक्षराला अंग येते. म्हणून त्या काळी बेंबो भरदार दिसे. पुढे शिसे गेले, संगणक आला, आणि तेच आरेखन जसेच्या तसे घेतल्यावर अक्षर आजाऱ्यासारखे कृश दिसू लागले. शेवटी 2005 मध्ये ‘बेंबो बुक’ ही दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. टाइम्सचे अक्षरही असेच. 1932 मध्ये ते लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाच्या अरुंद रकान्यांसाठी स्टॅन्ली मॉरिसन याच्या देखरेखीखाली घडले. थोड्या जागेत अधिक मजकूर मावावा ही त्याची अट. त्या दैनिकाने 1972 मध्ये ते सोडले, पण संगणकांनी ते जगभर पसरविले. पुस्तकाच्या रुंद ओळीत तेच भरताना दोन ओळींमध्ये जागा वाढवावी लागते, हे सांगणारा कोणी त्याबरोबर आला नाही.

तर मग निवड कशी करावी? फ्रँकलिनची युक्ती उलटी वापरावी, असे आम्ही सुचवू. गृहस्थांना फसविण्यासाठी त्याने नाव फाडले. आपण स्वतः न फसण्यासाठी फाडावे. ज्या पुस्तकाचे काम आहे त्यातलाच मजकूर, ज्या कागदावर ते छापावयाचे त्याच कागदावर, तीन-चार जुन्या प्रतिष्ठित अक्षरांत छापून घ्यावा. नावे झाकावी. मग एकेक पान न पाहता वीस-वीस पाने वाचावी. पाहावयाचे नव्हे, वाचावयाचे. ज्यात अक्षर विसरून विषय ध्यानात राहील ते घ्यावे. 1930 मध्ये बिआट्रिस वॉर्डने लंडनच्या मुद्रकांपुढे केलेल्या व्याख्यानात स्फटिकाच्या पेल्याची उपमा दिली होती: नक्षीदार सोन्याच्या पेल्यापेक्षा पारदर्शक पेला बरा, कारण आतला रस दिसतो. ती उपमा युरोपची. आपण तांब्यातील गंगाजळ म्हणू. मात्र तिला एक पुरवणी जोडली पाहिजे. पारदर्शकता ही काही केवळ पेल्यात नसते. ती पाहणाऱ्याच्या सरावातही असते.

आपल्याकडे हा सराव कोणी घडविला? मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम शिकलेले जावजी दादाजी यांनी 1864 मध्ये टाइपांची ओतशाळा काढली. तीतून निर्णयसागर छापखाना उभा राहिला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देवनागरी ठशांनी मराठी व संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्यांचे डोळे घडविले. देवनागरीला सेरिफ नाही. तिला शिरोरेखा आहे. परंतु सवयीचा न्याय तोच आहे. दोन पाकळ्यांचा मराठी ‘ल’ सोडून उभ्या दंडाचा ‘ल’ समोर आला की आपण क्षणभर ठेचकाळतो, ‘श’चेही तेच. परप्रांतीय वळणाचे ते अक्षर सदोष नसते. आपल्या डोळ्यांचे ते नसते, एवढेच. संगणकांनी हे वळण मराठी मजकुरात सर्रास आणले, आणि 2009 मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला तेव्हा या दोन अक्षरांची दखल घेणे त्याला भाग पडले.

म्हणून नव्या अक्षराला भिऊ नये, असे बास्करव्हिल सांगतो. आणि वाचकाच्या सवयीला तुच्छ लेखू नये, असे कॅस्लन सांगतो. दोघांचेही ऐकावे लागते. आज प्रत्येक शाळेची स्मरणिका, प्रत्येक मंडळाचा अहवाल, प्रत्येक कवीचा पहिला संग्रह गावातच जुळविला जातो, आणि अक्षरांची यादी पडद्यावर उघडून कोणीतरी बोट ठेवतो. त्या यादीत नावे असतात, वाचक नसतो. बोट ठेवण्यापूर्वी दोन पाने छापून घरातील वृद्ध माणसाच्या हाती द्यावी, आणि ती संध्याकाळच्या उजेडात शेवटपर्यंत वाचली जातात की नाही ते पाहावे.